आबांचं चाक आणि भाच्याचा सतरा नंबर

परवा दर्यापूरकडं एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत दहावीच्या निकालाचा विषय निघाला आणि तिथून गाडी नेहमीच्या रुळावर आली. शेजारचे एक काका भातावर वरण ओढत म्हणाले, "काहून घालता पोट्टे शायेत? पैले गावच शाया होती. सुताराचा पोट्टा सुतार, लोहाराचा लोहार. कोनी बेरोजगार नोता." पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही मान अर्धी हललीच. कारण माझे आबा गावचे सुतार होते, आणि त्यांच्या हाताला जे येत होतं त्याच्या शंभरातला एक वाटाही मला पंधरा वर्षं शाळा-कॉलेज करून आलेला नाही.

पण घरी परत येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. "गावच शाळा होती." होती का? असली तर कोणाकरता होती? आणि मोडली कशानं? वऱ्हाडात याचा इतिहास चांगला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा सापडतो. तो थोडा सांगतो. पोस्ट लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात आबांपासून करतो.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. आबा दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांच्या काकाच्या हाताखाली बसले. पहिले सहा महिने त्यांना वासल्याला हात लावू दिला नाही. लाकडं उचलायची, ढलप्या गोळा करायच्या, करवतीचं दुसरं टोक धरायचं, आणि बघायचं. नंतर कुऱ्हाडीचे दांडे, मग वखर-डवऱ्याचं काम, मग तिफण. तिफणीची तीन भोकं तिरपी कशी पाडायची, की दाणा सरत्यातून अडकल्याशिवाय खाली जाईल, हे जमायला दोन पेरण्या गेल्या असं आबा सांगायचे. सगळ्यात शेवटी बंडीचं चाक. ज्याला चाक जमलं तो सुतार, बाकीचे नुसते लाकूड कापणारे.

धाव चढवायचा दिवस म्हणजे गावात एक सणच असायचा. मी तो लहानपणी दोनदाच पाहिला. गोवऱ्यांचा ढीग रचून त्यात लोखंडी धाव तापवायची. लाल झाली की चार माणसांनी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची. लाकूड पेट घेतं, धूर होतो, लोहार घणानं ठोकतो, आणि बाया-पोरं घागरीनं पाणी ओततात. चर्रर्र आवाज होतो. धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून घेते. खिळा एक नाही! गंमत कशात आहे, तर धाव थंड असताना चाकापेक्षा थोडी लहान लागते. किती लहान? आबा बोट दाखवायचे. कमी पडली तर चढत नाही, जास्त झाली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की निखळते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मी 'उष्णतेने धातू प्रसरण पावतात' हे वाक्य पाठ केलं, त्याला पाच मार्क मिळाले. आबांनी ते वाक्य कधी वाचलं नाही, पण त्यांच्या चाकावर तीस-तीस वर्षं कापूस वाहिला गेला.

म्हणून पंगतीतले काका पूर्ण चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. हे शिक्षणच होतं, आणि पक्कं होतं. चुकलं की लगेच कळायचं, कारण त्या चाकावर शेजारच्याचीच बंडी चालणार असायची. निकाल लपवता येत नव्हता.

आता दुसरी बाजू. ही शाळा बलुत्यावर चालायची. सुताराला, लोहाराला, चांभाराला, कुंभाराला वर्षभराच्या कामाचं खळ्यावर धान्य मिळायचं, जवारीच्या पेंढ्या मिळायच्या. पोरगं शिकायला बसवलं तरी त्याचं पोट बलुत्यातून भरायचं, म्हणून बापाला फी द्यावी लागत नव्हती. पण या शाळेत प्रवेश जन्माच्या दाखल्यावर होता. मांगाच्या पोराला वासला धरायचा असेल तर? महाराच्या पोराला गणित आवडलं तर? आमच्या आबांच्या अंगणात सुताराशिवाय दुसऱ्या जातीचं पोर शिकायला बसलं, असं मी एकदाही ऐकलं नाही. विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "कोनी आलंच नाई." का आलं नाही, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आणि माझी आत्या करवतीचे दात आबांपेक्षा बारीक कानसायची, हे घरातले सगळे कौतुकानं सांगतात. तिला कोणी सुतार म्हटलं नाही. डॉ. आंबेडकरांनी जातीला नुसती कामाची वाटणी म्हणू नका, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे, असं १९३६ साली लिहिलं. आमच्या अंगणाकडं पाहिलं की ते बरोबर समजतं.

'कोणी बेरोजगार नव्हता' हेही तपासून पाहू.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. दहाएक वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडं लागले. १८६७ साली अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे आणि कापसाचा बाजार उघडायला आला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.) मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी इंग्रजांनी चक्क एक 'कॉटन कमिशनर' नेमला होता, रिव्हेट-कार्नाक नावाचा. विलायती सूत-कापड आलं की इथले कातणारे-विणणारे हात मोकळे होऊन कापूस पिकवायला लागतील, असा त्याचा हिशोब होता. हिशोब बरोबर निघाला. लक्ष्मण सत्य यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी वाचावं. एका बाजूला कापसाच्या गाठी आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ, हे वऱ्हाडात एकाच वेळी कसं घडलं ते त्यात आहे.

म्हणजे अकोटच्या सतरंज्या, बाळापूरची पागोटी, कोष्ट्यांचे माग, ही सगळी जिवंत शिक्षणाची ठिकाणं होती आणि ती पोरं शाळेत गेली म्हणून बंद पडली नाहीत. गावात तेव्हा शाळा होत्या कुठं? माल विकेना म्हणून शिकवणारा उठला, आणि शिकवणारा उठला म्हणून शिकणारा उठला. बलुत्याचंही तसंच झालं असणार असा माझा अंदाज आहे. जवारीच्या रानात कपाशी शिरली, धान्याच्या जागी रोकड आली, आणि खळ्यावरचा वाटा आटत गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर ज्याच्याकडून बलुतं यायचं तोच उपाशी होता. हुनर असूनही माणसं खडी फोडायला गेली. त्यामुळं 'तेव्हा कोणी बेरोजगार नव्हता' हे वाक्य मला गिळता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच काळात नवीन झाली आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, रेल्वेचे शेड आले. तिथं फिटर, बॉयलरवाला, खरादी लागायचे. ही कामं कोणत्याच पुराणात कोणत्याच जातीला वाटून दिलेली नव्हती! शकुंतलेचंच घ्या. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची ती आपली नॅरोगेज. १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं जुन्या इंजिनाचे सुटे भाग कोणत्या दुकानात मिळणार? ते हातानं बनवले जात असणार, आणि ते बनवायला एकानं दुसऱ्याला शिकवलं असणार. खांद्याला खांदा लावून, जात न विचारता, निदान आमच्या अंगणापेक्षा कमी विचारून. वऱ्हाडातलं उमेदवारीचं शिक्षण मला तिथं जास्त मोकळं वाटतं. त्याची पाटी कुठं लागलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता गाडगेबाबा. त्यांच्याशिवाय हा विषय आपल्या भागात पुरा होऊ शकत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. परिटाचं घर. बाप दारूनं गेला, आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबू शाळेत गेला नाही. मामाकडं गुरं राखली, नांगर धरला, पेरलं, निंदलं, पुरात पोहला. म्हणजे पंगतीतले काका ज्या शिक्षणाचे गोडवे गात होते, तेच शिक्षण, आणि त्यात हा पहिल्या नंबरचा विद्यार्थी! शेतातल्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता असं सगळे चरित्रकार सांगतात. आणि मग काय झालं? मामाची जमीन सावकाराच्या कागदांत गेली. राबणारे हात पटाईत होते, पण कागद वाचता येणारं घरात कोणी नव्हतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला या माणसानं घर सोडलं. पुढं हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि गावोगाव कीर्तन. रिणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि शाळा, वसतिगृहं, आश्रमशाळांसाठी पैसा जमवला. कीर्तनात आया-बायांना सांगायचे की जेवायची भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. हे कोण सांगत होतं पाहा. ज्यानं सगळं हातानं शिकलं, ज्याला शाळेचं ऋण नव्हतं, तो माणूस. त्यांना हाताच्या कामाची लाज होती असं कोणी म्हणू शकत नाही, खराटा तर शेवटपर्यंत सुटला नाही. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ते गेले. मला वाटतं, दापुऱ्याचं ते शेत त्यांच्या डोळ्यापुढून कधी गेलं नसावं. हा माझा तर्क आहे, चरित्रात असं वाक्य नाही.

तुकडोजी महाराजांचंही असंच. यावलीला १९०९ साली जन्म, शाळा प्राथमिकच्या पुढं नाही, आणि मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज. ग्रामगीतेत 'जीवन शिक्षण' नावाचा एक अख्खा अध्याय आहे. त्यांना पुस्तकी शाळा पुरेशी वाटत नव्हती. पण शाळाच नको असं त्यांनीही म्हटलं नाही. शाळेत जीवनातलं काम शिरावं एवढाच त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला तो आपल्या शेजारच्या वर्ध्यात. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि 'नई तालीम' किंवा वर्धा योजना तयार झाली. सात ते चौदा वयाच्या मुलांना मोफत, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफून शिक्षण. सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल, असं. वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची कल्पना. त्यावर परिषदेतच वाद झाला होता. पोरांकडून कमाई करून घ्यायच्या नादात शिक्षण बाजूला पडेल हा धोका खुद्द झाकीर हुसेन समितीनं अहवालात लिहून ठेवला. आपलं अमरावती-अकोला तेव्हा 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या प्रांतात होतं. तिथं पंडित रविशंकर शुक्लांनी 'विद्या मंदिर' योजना आणली. गावानं जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार, अशी. मुस्लिम लीगनं 'मंदिर' नावावर आक्षेप घेतला, आंदोलन झालं, १९३९ मध्ये मंत्रिमंडळ पडलं, आणि योजना विरली. नावावरून भांडण आपल्याकडं जुनंच आहे म्हणा.

वर्धा योजनेतली एक गोष्ट मात्र लोक विसरतात. तिच्यात ब्राह्मणाच्या पोरानंही टकळी फिरवायची होती आणि देशमुखाच्या पोरानंही. काम सगळ्यांचं, एका जातीचं नाही. याच्या उलट उदाहरण मद्रासचं. १९५३ साली राजाजींनी तिथं प्राथमिक शाळा अर्ध्या दिवसाची केली. उरलेल्या वेळात पोरांनी घरी जाऊन बापाचा धंदा शिकायचा. कागदावर किती छान! समाजच शाळा, घरच कारखाना. पेरियार आणि द्रमुकनं त्याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळधंद्याचं शिक्षण म्हटलं आणि रान उठवलं. न्हाव्याच्या पोरानं दुपारी वस्तरा धरायचा, वकिलाच्या पोरानं दुपारी काय करायचं? पुस्तकंच वाचायची ना? १९५४ मध्ये राजाजींना जावं लागलं आणि कामराजांनी योजना गुंडाळली. वर्धा आणि मद्रास या दोन्हींत 'हाताचं काम' हाच शब्द, पण एकानं काम सगळ्या पोरांमध्ये वाटलं आणि दुसऱ्यानं प्रत्येक पोराला त्याच्या त्याच्या अंगणात परत पाठवलं. कोणी 'गुरुकुल', 'कौशल्य', 'समाजाधारित शिक्षण' असे शब्द वापरले की मी आता आधी हेच बघतो, की पोरगं कोणाच्या अंगणात चाललंय.

आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी आणि दलितांनी तेव्हा निवड काय केली? त्यांनी शाळा निवडली. १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला परिषदेसाठी आले होते, अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता, आणि त्या लढ्यात पंजाबराव देशमुख पुढं होते. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेत वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट करून आला होता. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्याच्या पोराला शेती शिकवायला बाप आहे, त्याला इंग्रजी आणि कायदा कोण शिकवणार, असा साधा विचार. माझे बाबा त्याच संस्थेच्या एका शाळेत शिकून मास्तर झाले. आबांनी त्यांच्या हातात वासला दिला नाही. मुद्दाम दिला नाही. "तू लिव्ह," म्हणाले. आमच्या घरातलं चाकाचं ज्ञान तिथं संपलं. मी याला तोटा म्हणतो, पण आबांची चूक म्हणत नाही. बाबांच्या पगारावर आत्याच्या दोन मुलींची लग्नं झाली आणि माझं शिक्षण.

पण शाळा नाहीतर अंगण, एवढे दोनच रस्ते नव्हते. अमरावतीतच दोन जागा आहेत, रोज आपण तिथून जातो. एक आखाडा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. मल्लखांब पुस्तकातून येत नाही, वस्तादाच्या नजरेखाली पडत-उठत येतो. त्या आखाड्याच्या पोरांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. आज तिथं शारीरिक शिक्षणाच्या पदव्या मिळतात. म्हणजे मातीतल्या शिकण्याला कागद जोडला, माती टाकून दिली नाही. दुसरी जागा तपोवन. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी वसवलेलं. ज्यांना घरानं, गावानं, शाळेनं, सगळ्यांनी बाहेर काढलं, ती माणसं तिथं सुतारकाम, विणकाम शिकली, एकमेकांना शिकवली. तिथं कोणाचा बाप सुतार होता हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. समाजानं चालवलेलं उमेदवारीचं शिक्षण मला कोणी दाखवा म्हटलं तर मी तपोवन दाखवीन.

आणि वर मेळघाटात लवादा. धारणी तालुक्यातल्या या गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे १९९० च्या दशकात जाऊन राहिले आणि संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू पोरं तिथं बांबूचं काम शिकतात. टोपल्यांपासून घरापर्यंत, आणि बांबूच्या राख्या तर लांबवर गेल्या. मग परतवाड्याकडं कोठाऱ्याला त्यांनी ग्राम ज्ञानपीठ सुरू केलं. कारागिराजवळ जे आहे ते ज्ञानच आहे आणि ते गुरुकुलाच्या धर्तीवर शिकवावं, ही त्यामागची कल्पना. मे २०२१ मध्ये कोरोनानं सुनीलभाऊ गेले. मला या कामाचा आदर आहे, आणि एक अडचणही लक्षात येते. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला 'झाड' ठरवलं होतं. जंगलाबाहेरच्या बांबूचं हे लफडं सुटायला २०१७ साल उजाडलं. म्हणजे नव्वद वर्षं ज्याच्या हातात कला होती त्याला कच्चा मालच गुन्हेगाराच्या भीतीनं आणावा लागला. नुसतं शिकवून काय होतं? जंगल, बाजार आणि कायदा हातात नसेल तर कोष्ट्यांचं जे झालं तेच बुरडाचं होतं.

आता माझ्या भाच्याकडं येतो, कारण खरं सांगायचं तर ही पोस्ट त्याच्यामुळंच लिहितोय.

२०२० च्या टाळेबंदीत तो नववीत होता. घरात फोन एक, तोही ताईच्या कामावर जायचा. शाळा ऑनलाइन सुरू झाली आणि त्याची बंद झाली. शाळा उघडली तेव्हा तो गेलाच नाही. सोळाव्या वर्षी अकोल्यात एका मोटर रिवायंडिंगच्या दुकानात चाचांच्या हाताखाली लागला. चाचांनी त्याला आधी सहा महिने जळक्या मोटरी उकलायला लावल्या. जुनी कॉइल सोडवताना फेरे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, कोणत्या स्लॉटमधून कोणत्या स्लॉटात गेली ते लक्षात ठेवायचं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला थेट आबा दिसले. तेच ढलप्या गोळा करणं! आणि हे पोरगं सुताराचं नाही की विजेवाल्याचं नाही, चाचा वेगळ्या धर्माचे, तरी शिकवलं. आज तो पाच एचपीची पाणबुडी मोटर एकटा भरतो. हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत शेतकरी रात्री दहाला त्याला उठवतात.

गेल्या वर्षी एका पंप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला माणूस पाहिजे होता. काम त्यांनी बघितलं, मोटर उघडून घेतली, खूश झाले, आणि मग दहावीचं मार्कशीट मागितलं. झालं. मी चौकशी केली. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिराला रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार आणि कमी व्याजाचं कर्ज आहे. पण ती अठरा पारंपरिक, घराण्यात चालत आलेल्या धंद्यांसाठी. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, परीट आहे. मोटर रिवायंडिंग नाही. म्हणजे पणजोबाचा वासला धरला तर सरकार पाठीशी, स्वतःच्या अकलेनं नवा धंदा शिकला तर नाही. तामिळनाडूनं २०२४ मध्ये ही योजना आहे त्या रूपात नाकारली, तेव्हा त्यांना १९५३ आठवलं होतं. आपल्याकडं कोणाला काही आठवलं नाही.

मग सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सोडल्याचा दाखला शोधायला दोन दिवस गेले, तो निघाला पिठाच्या डब्यात. चाचांना सांगितलं तेव्हा मला वाटलं कुरकुर करतील, ऐन हंगामात पोरगं अभ्यासाला बसणार म्हणून. ते म्हणाले, "करने दो साहब. मेरे को पढ़ना आता तो ये दुकान भाड़े की नहीं रहती." पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मला दापुऱ्याचं शेत आठवलं.

भाच्याला बीजगणित जड जातंय, भूमिती जमते. इंग्रजीची भीती आहे, पण मोटरवरच्या इंग्रजी पाट्या धडाधड वाचतो. चाचांच्या डोक्यात चाळीस वर्षांच्या मोटरींचे फेरे आहेत, कुठं लिहिलेले नाहीत. ते त्यानं दोनशे पानी वहीत उतरवायला घेतलेत. कंपनी, एचपी, स्लॉट, गेज, फेरे, असे रकाने पाडून. वही दुकानातच राहते, तारेच्या रिळांमागं. परीक्षा झाली की पुढचं बघू.

आबांचं तसं कोणी लिहून घेतलं नाही. धाव किती बोटं लहान ठेवायची, कोणत्या बाभळीचा आख करायचा, ते सगळं गेलं. मी आता गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून एक यादी करतोय. धाव चढवणारा शेवटचा माणूस कोण, तिफण करणारा कोण, जिनमधला जुना फिटर कोण, आणि तो कोणाजवळ शिकला. आतापर्यंत अकरा नावं झालीत, त्यांतल्या चौघांच्या गुरूचं नाव कोणालाच सांगता येत नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, अंजनगावकडच्या मंडळींना तुमच्या गावचं माहीत असेल तर सांगा. बाई असेल तर तिचं नक्की सांगा. माझ्या यादीत अजून फक्त आत्या आहे.